आपली मते जातात कुठे?



२०२४ सालच्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२५ सालच्या डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले. १९५३ सालच्या नागपूर कराराने ठरलेली ही वहिवाट. मंडप पडले, मोर्चे आले, मोर्चे अडवले गेले, मंत्र्यांच्या गाड्यांनी रस्ते भरले. आणि या दोन्ही अधिवेशनांत विधानसभेतली एक खुर्ची रिकामी होती. विरोधी पक्षनेत्याची. २०२५ साली तर वरच्या सभागृहातही तीच गत.

सरकारकडून कारण असे सांगण्यात आले की, सभागृहात २८८ जागा, त्याचा दहावा हिस्सा म्हणजे २९, आणि विरोधातल्या कोणत्याही एका पक्षाजवळ २९ आमदार नाहीत. हा दहाव्या हिश्शाचा दंडक कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नाही, तो वहिवाटीचा आहे. पण ती गोष्ट आज बाजूला ठेवू. आमच्या पाळीतला एक सोबती मला म्हणाला, "लोकाईनच निवडून नाही देल्ले, तं इरोधी पक्षनेता कुठून आनाव बाप्पा?" सवाल सरळ आहे. त्याला उत्तर पाहिजे. लोकांनी खरोखरच विरोध पुसून टाकला काय?

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण रिंग खात्यात तुटलेले धागे मोजता मोजता हिशेब करायला शिकलो. तुम्हीही शिकला आहात, म्हणून हिशेबच मांडतो.

२०२४ च्या नोव्हेंबरातली विधानसभेची निवडणूक घ्या. सत्ताधारी आघाडीचे तीन मोठे पक्ष: भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवार यांची राष्ट्रवादी ४१. बेरीज २३०. विरोधातले तीन: उद्धव ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवार यांची राष्ट्रवादी १०. बेरीज ४६. आता मते पाहा. पहिल्या तिघांना शंभरातली ४८. दुसऱ्या तिघांना शंभरातली ३४ च्या जवळपास. म्हणजे ज्यांना ४८ मते पडली त्यांना शंभरातल्या ८० खुर्च्या, आणि ज्यांना ३४ पडली त्यांना १६. राहिलेली १८ मते ज्यांनी दिली, त्या लोकांचे तर कोणी नावही घेत नाही.

सत्ताधाऱ्यांना मते जास्त पडली, सरकार त्यांचे झाले, यात तक्रार नाही. पण ४८ आणि ३४ हे अंतर घरातल्या दोन भावांच्या उंचीइतके आहे. ८० आणि १६ म्हणजे एक भाऊ आणि त्याच्या कडेवरचे पोर. लोकांनी विरोधी पक्षाला लहान केले नाही. मोजण्याच्या रीतीने केले.

कोणी म्हणेल, हा अमुक पक्षाचा माणूस, रडगाणे गातो. थांबा. त्याच वर्षी सहा महिन्यांआधी लोकसभेची निवडणूक झाली. महाराष्ट्रात ४८ जागा. दोन्ही आघाड्यांना मते शंभरात ४३ च्या आसपास, फरक एखाद्या टक्क्याचा. जागा किती? एका बाजूला ३०, दुसऱ्या बाजूला १७. त्या वेळी ही रीत आजच्या सत्ताधाऱ्यांवर उलटली होती. आमच्या खाप्याच्या लोकांनी तर दोन्ही खेळ एकाच वर्षात पाहिले. जूनमध्ये रामटेकातून काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे खासदार झाले, नोव्हेंबरात सावनेरातून भाजपचे आशिष देशमुख आमदार झाले. गाव तेच, कन्हान नदी तीच. दर वेळी गावातल्या मोठ्या हिश्श्याची मते निकालाच्या दिवशी केरात गेली. एकदा या आळीची, एकदा त्या आळीची.

आणखी एक गोष्ट आधीच मोकळी करतो. मतदानाच्या यंत्रावरून गावोगाव वाद आहे. माझे बोलणे त्या यंत्राबद्दल नाही. कागदावर शिक्का मारला असता, डब्यात चिठ्ठी टाकली असती, तरी हेच गणित निघाले असते. दोष मते गोळा करण्यात शोधू नका. गोळा झालेल्या मतांची खुर्ची कशी बनते तिथे पाहा.

ती कशी बनते हे गिरणीच्या भाषेत सांगतो. समजा आपल्या गिरणीत पाच खाती आहेत: ब्लो रूम, कार्डिंग, रिंग, वाइंडिंग, पॅकिंग. प्रत्येक खात्यात १०० कामगार. प्रत्येक खात्याने एक प्रतिनिधी निवडायचा, ज्याला सगळ्यांत जास्त मते तो आला. युनियन तीन. प्रत्येक खात्यात पहिल्या युनियनला ४०, दुसरीला ३५, तिसरीला २५ मते पडली. निकाल काय? पहिल्या युनियनचे पाचही प्रतिनिधी आले. गिरणीतल्या ५०० कामगारांपैकी ३०० जण ज्यांना नको म्हणाले, ते पाचच्या पाच मालकासमोर बसणार, आणि ३०० लोकांचा एकही माणूस तिथे नसणार. आणि दुसऱ्या दिवशी नोटीस लागेल की कामगारांनी एकमुखाने कौल दिला!

या रीतीची एक खोड नीट ध्यानात घ्या, कारण आपल्या लोकांचे नशीब त्या खोडीत अडकले आहे. ही रीत तुम्ही किती आहात हे विचारत नाही. तुम्ही एकाजागी आहात की पांगलेले, हे विचारते. १९५२ सालच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत सोशालिस्ट पक्षाला शंभरातली साडेदहा मते पडली आणि जागा मिळाल्या १२. कम्युनिस्ट पक्षाला शंभरातली सव्वातीन मते, आणि जागा १६! मते तिसरा हिस्सा, खुर्च्या जास्त. काहून? तर कम्युनिस्टांची मते मद्रास इलाख्यात आणि बंगालात ढीग घालून पडली होती, सोशालिस्टांची देशभर शिंपडलेली होती. त्याच निवडणुकीत काँग्रेसला ४५ मते आणि ४८९ पैकी ३६४ जागा. पुढे २०१४ साली बहुजन समाज पक्षाला देशात सव्वादोन कोटींच्या वर मते पडली. मतांच्या हिशेबाने देशातला तिसरा पक्ष. लोकसभेत माणूस एकही नाही. सव्वादोन कोटी माणसे उन्हात रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घरी गेली, आणि दिल्लीत त्यांच्या नावाची एक खुर्ची नाही.

आता गिरणी कामगाराकडे या. एके काळी या रीतीचा त्रास आपल्याला कमी होता, कारण आपण एकाजागी होतो. नागपूरला १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, मागून मॉडेल मिल आली, आणि भोंगा ऐकू येईल एवढ्या टापूत कामगारांच्या वस्त्या वसल्या. मुंबईत लालबाग-परळचे गिरणगाव. भोंग्याच्या टापूत राहणारी माणसे एका मतदारसंघात पडत होती. म्हणून १९५७ साली मुंबईतून कॉ. डांगे लोकसभेत गेले, आणि नागपुरातून कामगारांचे पुढारी ए. बी. बर्धन अपक्ष म्हणून विधानसभेत गेले. म्हणून १९८४ साली काँग्रेसची लाट अशी आली की निम्म्याच्या आसपास मतांवर तिला ५१४ पैकी ४०४ जागा मिळाल्या, तरी गिरणगावातून डॉ. दत्ता सामंत निवडून आले. संप मोडला होता, घरात चूल पेटत नव्हती, पण वस्ती तिथेच होती. वस्ती होती म्हणून मत होते.

आज ती वस्ती कुठे आहे? मुंबईच्या गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत. नागपूरच्या जुन्या गिरण्या बंद पडल्या. नव्या सूतगिरण्या बुटीबोरीला, कळमेश्वरला, गावाबाहेरच्या एमआयडीसीत. खाप्यात पूर्वी घरोघर हातमाग होते, कोष्टी आळीत माणूस चालला की दोन्ही बाजूंनी धोट्याची खटखट ऐकू यायची. आज त्याच घरांतले पोरगे पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसते. त्या एका बसमध्ये दहा गावांची माणसे असतात, गिरणीच्या फाटकात अशा कितीतरी बसा येतात, आणि पाळी सुटली की सगळी पुन्हा आपापल्या मतदारसंघात पांगतात. फाटकाच्या आत आपण हजार. फाटकाच्या बाहेर कुठे वीस, कुठे पन्नास. प्रत्येक मतदारसंघात आपण आहोत, आणि एकाही मतदारसंघात आपला उमेदवार निवडून येईल एवढे नाही. पुढारी काही वेडे नाहीत. त्यांना हे दिसते. म्हणून सभेत शेतकऱ्याचे नाव निघते, जातीचे निघते, लाडक्या बहिणीचे निघते. पाळीवाल्याचे निघत नाही.

याचा परिणाम हवेत नाही, आपल्या अंगावर आहे. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली, आणि तिमाहीचा ओव्हरटाईम ११५ तासांवरून १४४ वर. सोबत लिहिले की कामगाराची लेखी संमती घ्यावी. संमती! ज्याला उद्या फाटकात घ्यायचे की नाही हे ठेकेदार आज रात्री ठरवतो, त्या बदली पोराची संमती. दीडशे वर्षांच्या झगड्यातून आपल्या आज्या-पणज्यांनी कामाचे तास कमी करून घेतले होते. ते वाढवायचे ठरले तेव्हा अवघ्या विधानसभेत त्या विषयावर सरकारची झोप उडवील असा कामगारांचा गट नव्हता. कामगार कमी झाले म्हणून? नाही बाप्पा. कामगार आहेतच. पांगले म्हणून नव्हता.

आता ज्या चळवळीच्या सभेत हे पुस्तक विकले जाते तिच्याकडे पाहू. १९५६ च्या फेब्रुवारीत पुण्याला संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, आणि विचाराने दुसऱ्या टोकाचे लोकही तिच्यात आले. एकमेकांचे तोंड न पाहणारी ही माणसे एकत्र का आली? भाषेच्या प्रेमाने आली, हुतात्म्यांच्या रक्ताने आली, हे खरेच. पण निवडणुकीच्या हिशेबाने दुसरा रस्ताच नव्हता. वेगवेगळे लढले तर ४०-३५-२५ चा खेळ होणार, हे त्यांनी ओळखले. काँग्रेसच्या एकासमोर आपला एक, एवढा साधा नेम धरला आणि १९५७ साली पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसचे पाणी पळाले. सबंध द्विभाषिक मुंबई राज्यात मात्र काँग्रेसने निम्म्याहून थोड्या कमी मतांवर ३९६ पैकी २३४ जागा राखल्या, त्यात आपल्या विदर्भाच्या आणि मराठवाड्याच्या जागांचा मोठा हात होता. तरीसुद्धा समितीचे आमदार सभागृहात इतके होते की त्यांना न ऐकता राज्य चालवणे अवघड झाले. तीन वर्षांत, १ मे १९६० ला, महाराष्ट्र झाला.

पण मग काय झाले? समिती फुटली. १९६२ साली जो तो आपापला झेंडा घेऊन उभा राहिला. काँग्रेसला मते पडली शंभरातली ५१; जागा २६४ पैकी २१५. शेकापला १५, प्रजा समाजवाद्यांना ९, कम्युनिस्टांना ६, रिपब्लिकनांना ३. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी मुख्यमंत्र्याला घाम फोडला होता, ते सगळे मिळून एका कोपऱ्यात मावले. लोक बदलले नव्हते हो! अर्धा महाराष्ट्र त्याही वर्षी विरोधातच उभा होता.

त्याच वर्षी नागपूरची लोकसभेची जागा लोकनायक बापूजी अणे यांनी वेगळ्या विदर्भाचा झेंडा घेऊन जिंकली. विदर्भ वेगळा असावा की महाराष्ट्रात असावा, यावर आपल्यात दोन मते आहेत, आणि इथे मी तो वाद उकरत नाही. सांगायचे एवढेच की नागपुरात ती भावना दाट होती म्हणून तिला दिल्लीत तोंड मिळाले. जिथे ती पातळ होती तिथे तिला तोंड नव्हते, पण माणसे तिथेही होती.

सीमेवर तर आजही आपली माणसे या रीतीखाली भरडली जातात. बेळगावकडे महाराष्ट्र एकीकरण समितीला २०१३ साली कर्नाटकाच्या विधानसभेत दोन जागा मिळाल्या. २०१८ साली समितीतच दोन गट पडले, आणि जागा शून्य. २०२३ सालीही शून्य. त्या वेळी एकट्या बेळगाव दक्षिण मतदारसंघात समितीच्या उमेदवाराला साठ हजारांच्या वर मते पडली होती. साठ हजार मराठी मतदारांनी आपले म्हणणे नोंदवले आणि बंगळूरच्या दप्तरात त्याची नोंद आहे शून्य. मग तिकडचा मंत्री म्हणतो, मराठी माणसाला सीमाप्रश्न नकोच आहे, पाहा निकाल!

मग उपाय काय? उपाय नवा नाही, आणि तो विलायतेहून आणायचा नाही. तो बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे.

१९३७ साली मुंबई इलाख्याच्या निवडणुकीत काही मतदारसंघांतून दोन-तीन-चार माणसे निवडायची होती. जितक्या जागा तितकी मते मतदाराजवळ, आणि ती सगळी मते त्याने एकाच उमेदवाराला दिली तरी चालत असे. याला इंग्रजीत क्युम्युलेटिव्ह म्हणतात, आपण एकवट मत म्हणू. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले, १४ निवडून आले. नवा पक्ष, गरिबांचा पक्ष, गाठीला पैसा नाही, आणि १७ पैकी १४!

१९५२ साली नियम बदललेला होता. उत्तर मुंबईत दोन जागा होत्या, मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकालाच देता येत नव्हती. बाबासाहेब चौदा-पंधरा हजार मतांनी पडले. १९५४ साली आमच्या शेजारच्या भंडाऱ्यात पोटनिवडणूक लढले. तशाच दोन जागा, तसाच नियम. तिथेही पडले. ज्याने घटना लिहिली त्या माणसाला लोकांतून लोकसभेत जाता आले नाही. दोन्ही वेळा त्याच्या मागे जीव देणारे लोक होते, पण आपली दोन्ही मते त्याच्या एकट्याच्या पारड्यात टाकायची त्यांना मुभा नव्हती.

घटना समितीतही हा विषय निघाला होता. १९४९ च्या जानेवारीत आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली की अनेक जागांचे मतदारसंघ आणि एकवट मत ठेवावे. बाबासाहेबांनी त्या वेळी तिला विरोध केला. त्यांचे म्हणणे, अशा पद्धतींना अक्षरओळख लागते, आणि देशात ती नाही. शिवाय सरकार टिकाऊ पाहिजे. पण १९५५ साली भाषावार राज्यांवर त्यांनी पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांनी पुढचा विचार मांडला. भाषेचे राज्य झाले की त्या राज्यात एक मोठी जात, एक मोठा गट सगळे बळकावून बसेल, ही भीती त्यांनी स्पष्ट लिहिली. आणि त्यावर तोड म्हणून दोन किंवा तीन जागांचे मतदारसंघ आणि एकवट मत हीच पद्धत सांगितली. भाषावार राज्याची मागणी आणि लहान गटाच्या मताची राखण, या दोन गोष्टी त्यांनी एका दावणीला बांधल्या. आपण पहिली घेतली, महाराष्ट्र मिळवला. दुसरी पुस्तकातच राहिली. उलट जे दोन जागांचे मतदारसंघ होते, तेही १९६१ साली कायदा करून मोडून टाकले.

ही पद्धत चालते कशी, ते पुन्हा गिरणीतच पाहू. खाती बाजूला ठेवा. ५०० कामगार, ३ जागा, प्रत्येकाला ३ मते. पाहिजे तर तिघांना एकेक द्या, पाहिजे तर तिन्ही एकाला द्या. समजा आपला गट १२६ जणांचा आहे, चौथाईच्या वर फक्त एक माणूस. आपण सगळ्यांनी तिन्ही मते आपल्या एका उमेदवाराला दिली, ३७८ झाली. उरले ३७४ कामगार, त्यांची मते ११२२. त्यांना तिन्ही जागा पाहिजेत तर तीन उमेदवारांत सारखी वाटावी लागतील, म्हणजे प्रत्येकी ३७४. आपला माणूस ३७८ ने आला! उरलेल्या दोन जागा त्यांच्या. बहुमत बहुमताच्या जागी राहिले, आणि चौथाई लोकांनाही तोंड मिळाले. पांगलेल्या माणसांना ही पद्धत पुन्हा एकाजागी आणते. तीन तालुक्यांचा एक मतदारसंघ झाला, तर सावनेरचा पाळीवाला, कळमेश्वरचा पाळीवाला आणि काटोलचा पाळीवाला एकाच माणसाला मत देऊ शकतो.

एक धोका आहे, तो लपवत नाही. त्याच १२६ जणांनी दोन उमेदवार उभे केले, तर प्रत्येकाला १८९ पडतील आणि दोघेही पडतील. ज्या गिरणीत तीन लाल बावटे आहेत त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आणि नुसत्या जास्त जागा एका मतदारसंघात कोंबल्या म्हणजे हे काम होत नाही. नागपूर महानगरपालिकेत २०१७ साली चार-चार जागांचे प्रभाग केले होते. पण अ, ब, क, ड अशी प्रत्येक जागा वेगळी लढवायची आणि प्रत्येकीला वेगळे मत द्यायचे. निकाल: १५१ पैकी भाजप १०८, काँग्रेस २९, बसप १०. आपल्या खाप्याच्या नगरपालिकेत दोन जागांचा प्रभाग असतो, तिथेही अ ला एक आणि ब ला एक. ज्या आळीचा जोर तिचेच दोन्ही. मत एकवटता आले पाहिजे, खरी मेख तिथे आहे.

लोक म्हणतात, अडाणी माणसाला हे समजणार नाही. हे ऐकले की माझे डोके तापते. पदवीधर मतदारसंघात बीए झालेला बाबू पसंतीने १, २, ३ लिहून मत देतो. आमदार लोक राज्यसभेचा खासदार निवडतात तेव्हा तेही पसंतीनेच मते देतात, आणि मतांच्या हिश्श्याप्रमाणे जागा वाटल्या जातात, कारण तिथे स्वतःच्या पक्षाचे एक मतही वाया गेलेले त्यांना चालत नाही. स्वतःसाठी सुती धोतर आणि आमच्यासाठी चिंध्या! जो कामगार हजेरीचा, भत्त्याचा, फंडाचा हिशेब तोंडपाठ सांगतो, त्याला तीन मते वाटता येणार नाहीत? अमेरिकेत शिकागो शहर ज्या इलिनॉय राज्यात आहे, तिथल्या खालच्या सभागृहासाठी १८७० पासून १९८० पर्यंत हीच पद्धत चालली. तीन जागा, तीन मते, पाहिजे तर तिन्ही एकाला. १८८६ साली आठ तासांसाठी मे महिन्यात लढलेले शिकागोचे मजूर याच पद्धतीने मत देत होते.

दुसरे म्हणतात, सरकार टिकणार नाही. एका जागेच्या रीतीने महाराष्ट्रात २०१९ नंतर कसे टिकले? २०२२ साली एक पक्ष मधोमध चिरला, २०२३ साली दुसरा. पहाटेचे शपथविधी झाले, हॉटेलात आमदार कोंडून ठेवले. तेव्हा टिकाऊपणाची गोष्ट आम्हाला नका सांगू.

गंमत अशी की ज्या दिल्ली सरकारला विधानसभेत हे सुचत नाही, त्याला कारखान्यात सुचले आहे. मुंबईच्या गिरण्यांत १९४६ च्या कायद्याने शेकडा २५ सभासद दाखवणारी एक युनियन मान्य होत असे आणि ती शंभरांच्या नावाने बोलत असे. १९८२ साली अडीच लाख कामगार संपावर गेले, तरी मालकाशी बोलायचा हक्क त्यांच्या पुढाऱ्याला नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. या संहितेशी आमचे भांडण आहे आणि राहील; ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला न विचारता टाळे लावायची मुभा ती देते. पण तिच्यात एक कलम वाचा. एका युनियनजवळ ५१ टक्के कामगार असतील तर ती एकटी बोलेल. कोणाजवळच ५१ नसतील तर बोलणी करणारे मंडळ बसेल, आणि त्यात प्रत्येक २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी असेल. विधानसभेत ४८ वाल्यांना ८० खुर्च्या, आणि गिरणीत ४८ वाल्या युनियनने शेजारी ३४ वालीला जागा द्यायची! जो न्याय मालकासमोर बसताना बरोबर, तो मंत्र्यासमोर बसताना चूक कसा?

यासाठी घटना उलटीपालटी करावी लागणार नाही. याच घटनेखाली १९५२ आणि १९५७ साली दोन जागांचे मतदारसंघ होते. संसदेने साध्या कायद्याने ते काढले, साध्या कायद्याने पुन्हा आणता येतील. आणि वेळही हीच आहे. लोकसभेच्या जागांची राज्यांतली वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवून ठेवायची, असे २००१ सालच्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ठरले होते. म्हणजे नवे मतदारसंघ पाडण्याची चर्चा आली आहे. सगळे पुढारी त्यात एकच विचारतात, कोणत्या राज्याला किती जागा. त्या जागा भरायच्या कशा, हे कोणी विचारत नाही. एकदा रेघा मारून झाल्या की पुढची कितीतरी वर्षे त्या पुसल्या जाणार नाहीत.

तेव्हा येत्या महिन्याच्या सभेत प्रत्येक युनियनने, मग झेंडा कोणताही असो, एक ठराव घ्यावा असे माझे म्हणणे आहे. ठराव एका पानाचा, साध्या मराठीत असावा. त्यात तीन ओळी पुरेत: नवे मतदारसंघ पाडताना ते तीन जागांचे पाडावेत, मतदाराला तीन मते असावीत आणि ती एकाला देण्याची मुभा असावी, नगरपालिकेच्या प्रभागांना हा नियम आधी लावून पाहावा, कारण तो कायदा मुंबईच्या हातात आहे, दिल्लीला जावे लागत नाही. एक प्रत सावनेरच्या आमदाराला, एक रामटेकच्या खासदाराला, आणि एक या दोन्ही निवडणुकांत ज्यांच्याकडून हे दोघे जिंकले त्यांनाही द्या. या विषयात जिंकलेल्यापेक्षा हरलेला उमेदवार लवकर ऐकून घेईल.